कोपऱ्यातला कोळी

घरात कोळी दिसला की झाडलोट नीट नाही, असं आपण लगेच ठरवून मोकळे होतो. पण झाडूनपुसून लख्ख केलेलं बंद घर म्हणजे कोळ्याच्या लेखी दुष्काळी मुलूख. तिथे दव पडत नाही, पावसाळा सोडला तर किडेही मोजकेच. जे काही खायला येतं ते आपल्याच कृपेने: ट्यूबलाइटवर झेप घेणारी पाखरं, न्हाणीघराच्या ओलीतली चिलटं, खरकट्यावर रात्री निघणारी झुरळं.

एवढ्यावर तो जगतो कसा? छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, काडीसारख्या लांब पायांचा कोळी पाहावा. त्याचं जाळं विस्कटलेलं, देखणं मुळीच नाही. किडा अडखळला की तो दुरूनच मागच्या पायांनी त्याच्यावर सूत फेकतो, पुरता गुंडाळतो आणि मग चावतो. चावून खायची सोय त्याला नाही. पाचक रसाने भक्ष्य आतून पातळ करायचं आणि शोषून घ्यायचं. पाण्याची गरजही बरीचशी त्यातच भागते. काठी लागली की तो जाळ्यासकट इतका थरथरतो की नजरेला धूसर होतो. मादी तर अंडी जबड्यात धरून बसते.

खरं कसब मात्र उपासाचं. काही मिळालं नाही तर तो जागचा हलत नाही. शरीराचा खर्च आधीच कमी, तो आणखी खाली येतो. असे आठवडे, कधी महिनेही निघतात. माणसाने चार दिवस असं केलं तर आपण त्याला व्रत म्हणू, याला ऐतखाऊ म्हणतो. अर्थात साधुत्वाचं फार कौतुक नको. शेजारचा दुसरा कोळी हाती लागला तर तो त्यालाही सोडत नाही. जाळ्यात वाळून लटकलेले 'मेलेले कोळी' मात्र पुष्कळदा नुसती टाकलेली कात असते.

तसबिरीमागून निघणारा तळहाताएवढा चपटा कोळी वेगळा. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही, रात्री झुरळांवर धावून जातो. मादी चपटी, गोल अंडपिशवी पोटाखाली धरून हिंडते, तेव्हा सहसा खातही नाही. त्याला पाहून घरभर किंचाळ्या उठतात, चप्पल शोधली जाते. झुरळांसाठी औषधाची बाटली आणणारंही तेच घर.

दसऱ्याआधी काठीला केरसुणी बांधून जळमटं काढायची असतातच. त्याआधी एकदा जाळ्याखालची फरशी बघावी. तिथे पडलेले पंख, पाय, वाळकी टरफलं सांगतात की दिवे मालवल्यावर घरात कोण कोण फिरतं. डासांचे पंख जास्त दिसले तर खिडकीची जाळी तपासावी. केरसुणी नंतर.