मुंग्या कुणाच्या पडद्यावर?

दादा गच्चीवर चढून टीव्हीचा अँटेना फिरवायचा आणि मी खिडकीतून ओरडायचो, "मुंग्या! अजून मुंग्या! थांब, आलं!" आपल्यापैकी बऱ्याच मंडळींना हे आठवत असेल. हल्ली वायरलेसच्या संशोधनात जागा बदलणारा अँटेना पुन्हा आला आहे. त्याच्याकडे एक उलटे कामही दिले आहे: चोरून ऐकणाऱ्याकडे मुद्दाम मुंग्या पाठवायच्या!

तत्त्व जुनेच. भिंतींवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खोडून टाकतात. घरातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर साडेबारा सेंटीमीटरची; चार बोटे सरकले तरी चित्र पालटते. मग अँटेना असे सरकवायचे की आपल्या माणसाला स्पष्ट ऐकू जावे आणि परक्याच्या जागी लहरी विराव्यात. आमच्या न्यू जर्सीतल्याच बेल लॅब्सच्या अॅरन वायनर यांनी १९७५ साली दाखवून दिले होते की चोराला आपल्या माणसापेक्षा वाईट ऐकू येत असेल, तर किल्लीशिवायही गुपित राखता येते. अर्थात त्यासाठी चोर कुठे उभा आहे याचा अंदाज हवा, आणि चोर काही पत्ता देऊन येत नाही.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. कुलूपबंद पेटी निदान दिसते. काहीतरी लपवले आहे हे कळते, भांडता येते. जी लहर आपल्यापर्यंत पोचलीच नाही, तिच्याबद्दल विचारायचे कुणाला? आणि परका कोण, हे ठरवणार कोण? अँटेना ते विचारत नाही. त्याला सांगितलेले असते.

२००४ साली बाबांची बायपास झाली. मला कळले पंधरा दिवसांनी. मधल्या दोन्ही रविवारी फोन झाले होते. आई म्हणाली, बाबा फिरायला गेलेत. दादा पावसाबद्दल बोलला. "तू लांब, उगाच जिवाला घोर कशाला?" हे त्याचे नंतरचे उत्तर. दादा खोटे काहीच बोलला नव्हता. घरातले सगळे फक्त थोडे थोडे बाजूला सरकले होते, आणि परका मी होतो. वर्षभर मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी बायॉप्सी झाली. निकाल यायचा होता. रविवारी दादाचा फोन आला तेव्हा मी गराजमध्ये जाऊन बसलो आणि त्याला सांगितले, यंदा इथे बर्फ फार पडला.