सत्ता गावाला, पण गावात कोणाला?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या भाबड्या कौतुकाचा खरपूस समाचार घेतला. राज्ये आली नि गेली, खेडे मात्र तगून राहिले, हे चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने रंगवलेले चित्र तेव्हा फार लोकप्रिय होते. तगून राहिले खरे, पण कसल्या अवस्थेत, असा बाबासाहेबांचा सवाल होता. त्यांच्या लेखी खेडे हे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर. म्हणून मसुद्याने व्यक्तीला घटक मानले, गावाला नाही. घटना समितीतले गांधीवादी सभासद दुखावले. अठरा दिवसांनी के. संथानम यांनी ग्रामपंचायतींसाठी दुरुस्ती आणली, तेव्हा मात्र बाबासाहेबांनी ती खळखळ न करता स्वीकारली. तीच पुढे अनुच्छेद ४० झाली: मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे कोर्टात दाद मागायची सोय नाही.

एवढ्यावरून त्यांना विकेंद्रीकरणाचे शत्रू ठरवणारे पुष्कळ आहेत. पण १९३२ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी वेगळे प्रतिनिधित्व मागितले होते. गावकीत ज्यांना बसायलाच जागा नाही, त्यांचे पंचायतीत काय होणार, हा प्रश्न त्यामागे होता. पुढच्या साठ वर्षांत पंचायत राज्याला वळण लावले ते गावाच्या स्तुतिपाठकांपेक्षा या आक्षेपानेच, असे म्हणायला जागा आहे.

आधी मात्र ही कल्पना दुसऱ्याच वाटेने गेली. समाजविकासाच्या योजना सरकारी राहिल्या, लोकांच्या झाल्याच नाहीत, असे निदान बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली केले. २ ऑक्टोबर १९५९ रोजी नेहरूंनी राजस्थानातल्या नागौरमध्ये पंचायत राज्याचा आरंभ केला.

महाराष्ट्राने थोडे वेगळे केले. मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. वसंतराव नाईक समितीने जिल्हा बळकट करायचे ठरवले. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कलेक्टरला बाहेर ठेवून परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते परिषदेकडे आले. लोक तिला ‘मिनी मंत्रालय’ म्हणू लागले, ते उगाच नव्हे. पण या मंत्रालयात बसले कोण? बहुतेक ठिकाणी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बागायत ज्यांच्या हाती, तेच. मुंबईहून निघालेली सत्ता वाड्यापर्यंत पोचली. वस्तीपर्यंत जायला तिला आणखी तीस वर्षे लागली.

२४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, महिलांना किमान एक तृतीयांश जागा, आणि हे आरक्षण सरपंचपदापर्यंत. महाराष्ट्राने २०११ साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. ‘सरपंचपती’ नावाची नवी जमातही उगवली: सही तिची, कारभार त्याचा. तरी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्वतःच बैठक चालवणाऱ्या बायका आल्याच. अधिकारांच्या बाबतीत मात्र दुरुस्तीने हात आखडला. २९ विषयांची यादी दिली खरी, पण त्यातले पंचायतींना किती द्यायचे, ते राज्यांच्या मर्जीवर सोडले.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ही मर्जी धरून बसायचे नाकारले. तिथे निर्णय सगळी ग्रामसभा सर्वसहमतीने घेते; बहुमताची मोजणी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी घोडे बांबूपाशी अडले. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते, वनखाते त्याला झाडच मानत होते, आणि वाहतुकीचा परवाना खात्याच्याच हाती होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचे पुस्तकच गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले. परवाना ग्रामसभा फाडू लागली, बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला.

इकडे मिनी मंत्रालयांची गोष्ट उलट्या दिशेने चालली. जिल्ह्याच्या विकासनिधीचे वाटप ठरवणाऱ्या नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री, म्हणजे पुन्हा मुंबईच. मार्च २०२२ मध्ये अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, निवडणुका झाल्या नाहीत. घटनेने पाच वर्षांची मर्यादा घालून दिलेली असताना तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसले, आणि निवडणुका घ्या, हे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.