पूर, विमा आणि ईश्वरेच्छा

जे संकट ईश्वराच्या इच्छेने येते असे माणूस मानतो, त्याच्या भरपाईची तजवीज आधीच हप्ते भरून करून ठेवणे हा विवेक की अविश्वास, हा प्रश्न अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर कौंटीत (कौंटी म्हणजे स्थूलमानाने भारतातील जिल्ह्यासारखा विभाग) केवळ धर्मपंडितांपुरता उरलेला नाही. कौंटीच्या पश्चिम सीमेवरून सस्क्वेहाना नदी वाहते, आतल्या शेतीतून कोनेस्टोगा नदी आणि तिचे ओढे वाहतात, आणि तेथील बरीच शेती आमिश कुटुंबांच्या हाती आहे. आमिश हा ख्रिस्ती धर्मातील ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतला, म्हणजे बाप्तिस्मा समजत्या वयातच घ्यावा असे मानणाऱ्या आणि त्यापायी सोळाव्या शतकात युरोपात अनन्वित छळ सोसलेल्या परंपरेतला पंथ असून, १६९३च्या सुमारास फूट पडून तो वेगळा झाला. आपली इच्छा ईश्वराच्या आणि मंडळीच्या स्वाधीन करणे हा त्याच्या आचाराचा गाभा आहे, आणि व्यापारी विम्याला त्याचा विरोध याच शरणागतीतून येतो. हा विरोध तोंडदेखला नाही. १९६१ साली त्याच राज्याच्या पश्चिम भागात सामाजिक सुरक्षेची वर्गणी हा विमाच आहे म्हणून ती नाकारणाऱ्या एका शेतकऱ्याचे नांगराचे घोडे सरकारने जप्त केले. त्यावरून गदारोळ झाला आणि १९६५ मध्ये संसदेने अशा पंथांना त्या वर्गणीतून सूट दिली.

मात्र विमा नाकारणारा आमिश शेतकरी निराधार नसतो. एखाद्याचे धान्याचे कोठार जळाले, तर शेजारपाजारचे शेकडो पुरुष एकत्र जमून ते थोड्याच दिवसांत पुन्हा उभे करतात, आणि लाकूडसामानाचा खर्च पंथाची साह्यसंस्था प्रत्येक सभासदाच्या मालमत्तेच्या प्रमाणात पट्टी बसवून वसूल करते. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नुकसान अनेकांत वाटून घेणे हेच जर विम्याचे सार असेल, तर ही संस्थाही विमाच उतरवते, आणि मग हप्ता घेणे हा ईश्वरावरचा अविश्वास व पट्टी घेणे ही श्रद्धा, हा भेद तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. जो भेद टिकतो तो निराळा आहे. हप्ता संकटाच्या आधी, अनोळखी माणसांच्या संभाव्यतेच्या कोष्टकावरून ठरतो. पट्टी संकटानंतर, नाव-गाव माहीत असलेल्या माणसासाठी बसते. पंथाचा खरा आक्षेप माणसाची शेजाऱ्यावरची भिस्त सुटण्याला आहे, आणि तो आक्षेप वजनदार आहे.

पण आग आणि पूर यांतील फरकात या विचाराची खरी परीक्षा होते. आग एका वेळी एका घराला लागते, म्हणून उरलेले शेजारी धावून येऊ शकतात. पूर साऱ्या खोऱ्याला एकदम गाठतो आणि ज्याने मदतीला यायचे त्याच्याच ओसरीत पाणी असते. खासगी विमा कंपन्यांनी पुराकडे पाठ फिरवली तीही याच कारणाने, आणि म्हणूनच १९६८ साली अमेरिकी सरकारला राष्ट्रीय पूरविमा योजना स्वतःच सुरू करावी लागली. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पावसाने सस्क्वेहानाचे खोरे बुडाले, तेव्हा पुराची पॉलिसी असलेली घरे अगदीच थोडी निघाली. पुढच्याच वर्षी, नकाशावर पूरक्षेत्र म्हणून दाखवलेल्या जागेवर सरकारी देखरेखीखालील बँकेचे कर्ज घ्यायचे तर पूरविमा सक्तीचा, असा कायदा झाला. त्याच पुरानंतर मेनोनाइट या आमिशांच्या भाऊबंद ॲनाबॅप्टिस्ट पंथाची मेनोनाइट आपत्ती सेवा ही १९५०च्या सुमारास कॅन्सासमध्ये उगम पावलेली संस्था दूरदूरचे स्वयंसेवक घेऊन चिखल उपसायला उतरली. आमिशांचे हात तिच्या कामाला नेहमीच लागत आले आहेत. म्हणजे पुराने शेजाराची व्याख्या पंथाबाहेर नेली, आणि हे धर्मदृष्ट्या विम्याच्या वादाहून मोलाचे घडले.

पूरक्षेत्र म्हणजे कोणत्याही एका वर्षात एक टक्का संभाव्यतेने जेवढा भाग पाण्याखाली जाईल तेवढा भाग. 'शंभर वर्षांचा पूर' या नावामुळे लोकांचा समज होतो की एकदा येऊन गेला की शतकभर निश्चिंती. वस्तुतः तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. पूरक्षेत्राचा हा नकाशा ज्या विचारातून आला, त्याचा प्रमुख प्रणेता भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट हा स्वतः क्वेकर, म्हणजे आमिशांप्रमाणेच युद्धाला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा होता, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. पूर ही देवाची करणी असेल, पण पुराचे नुकसान बहुतांशी माणसाच्या करणीचे, असा भेद त्याने १९४२ सालच्या प्रबंधात मांडला. मराठी माणसाच्या 'अस्मानी-सुलतानी'त सुलतान कोणीतरी दुसरा असतो. व्हाइटच्या मते नदीच्या पात्रालगत घर बांधणारा स्वतःच तो असतो. म्हणूनच १९६६ च्या ज्या सरकारी अहवालाला त्याचे नेतृत्व लाभले, त्याने बजावले की बांधकामावर निर्बंध नसतील तर विमा लोकांना उलट पाण्याकडेच ओढील.

व्हाइटचा हा भेद मान्य केला तर शरणागतीचा अर्थही बदलतो. नदीपुढे नमते घेऊन कोठार उंचावर बांधणे हेही ईश्वराच्या सृष्टीपुढे नम्र होणेच ठरते, किंबहुना अधिक प्रामाणिकपणे; आणि तसे न करता केवळ पॉलिसी घेणारा व केवळ प्रार्थना करणारा हे दोघे एकाच दोषाचे धनी होतात.

विमा की परस्परसाह्य या प्रश्नाला सरकारनेही अखेर उत्तर दिले, आणि ते अनपेक्षित होते. २०१९ पासून लागू झालेल्या नियमानुसार समान धार्मिक किंवा सेवाभावी बंधनाने जोडलेल्या परस्परसाह्य संस्थेची हमी बँकेला पूरविम्याच्या जागी स्वीकारता येते, मात्र त्या बँकेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने अशा हमीला पूरविमा म्हणून मान्यता दिलेली असावी लागते, आणि त्या साह्यसंस्थेने पूर्वी सभासदांचे पुराने झालेले नुकसान प्रत्यक्षात भरून दिले असल्याचा इतिहास असावा लागतो. केवळ आगीसाठी पट्टी बसवणाऱ्या संस्थेच्या सभासदाला पूरक्षेत्रातील घरावर कर्ज हवे असेल, तर त्याला आजही पॉलिसी घ्यावीच लागते.