साल कुणासाठी कडू होते?

1763 साली इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टनचे पाद्री एडवर्ड स्टोन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवलं. विलोच्या झाडाची साल वाळवून, कुटून तिची पूड त्यांनी हिवतापानं फणफणलेल्या सुमारे पन्नास माणसांना दिली होती आणि बहुतेकांना उतार पडला होता. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी उगवणाऱ्या वाळुंजाचा भाऊबंद. या सालीकडे स्टोन वळले त्याची कारणं त्यांनी पत्रातच दिली आहेत. पहिलं जिभेचं: सालीचा कडवटपणा त्यांना पेरूहून येणाऱ्या महागड्या सिंकोनाच्या सालीसारखा लागला. दुसरं श्रद्धेचं: विलो दलदलीत वाढतो, हिवतापही दलदलीच्या मुलखातच येतो, आणि ईश्वर जिथे रोग ठेवतो तिथेच त्याचा उतारा ठेवतो. ही समजूत एकट्या स्टोन यांची नव्हती. औषधं मातीतून ईश्वरानंच निर्माण केली, असं ज्यू-ख्रिस्ती परंपरेतल्या सिराखच्या ग्रंथात येतं. प्रत्येक रोगावर उपाय उतरवला आहे, असं हदीस सांगते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात तर रसरूप सोम होऊन सर्व औषधींना पोसणारा मीच, असं भगवंत म्हणतात. माणसानं वनस्पतीत औषध पाहिलं की त्याच्या मागोमाग देणारा हातही पाहिला आहे. तो हात आपल्याकडे वळलेला आहे का, झाडातलं औषध आपल्यासाठी आहे का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण वनस्पतीशी आपण कसं वागायचं हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

स्टोन यांचा अनुभव खरा होता, अनुमान मात्र चुकलं. विलोच्या सालीनं ताप उतरतो, पण हिवतापाचा जंतू मरत नाही. तो मारणारं क्विनाइन सिंकोनात असतं आणि सिंकोना वाढतो अँडीज पर्वताच्या उतारांवर. हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार त्या खंडात पोचला तो कोलंबसानंतर, समुद्रापलीकडून आलेल्या माणसांबरोबर. म्हणजे एका मुलखाच्या जीवघेण्या रोगावरचा उतारा हजारो मैलांवर, तो रोग जिथे नव्हता अशा रानात, शतकानुशतकं उभा होता. रोग तिथे औषध हा नियम खरा धरला तर मधल्या काळात आफ्रिकेत आणि युरोपात हिवतापानं गेलेल्या जिवांचा हिशेब कसा लावायचा? श्रद्धावंतानंही या प्रश्नापाशी थांबायला हवं.

पुढची हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. 1828 मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळं काढलं. त्यातून पुढे सॅलिसिलिक आम्ल मिळालं. मेडोस्वीट या उत्तरेकडच्या ओल्या कुरणांत फुलणाऱ्या झुडपातही त्याच कुळातली द्रव्यं सापडली, आणि 1897 मध्ये बायर कंपनीत त्या आम्लाचं सुधारित रूप शुद्ध, टिकाऊ स्वरूपात तयार झालं. अ‍ॅस्पिरिन या नावातला मधला भाग मेडोस्वीटच्या जुन्या लॅटिन नावातून, स्पायरियातून आला आहे. हे औषध शरीरात करतं काय, ते मात्र 1971 पर्यंत कळलं नव्हतं. जॉन वेन यांनी दाखवलं की वेदना आणि दाह चेतवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ते तयारच होऊ देत नाही. या शोधासाठी त्यांना 1982 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. एवढ्या काळात एक प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता: विलोला डोकं नाही, ताप नाही, सांधे नाहीत, मग हे द्रव्य तो बनवतो कशाला? त्याच्या उत्तराची पहिली खूण तंबाखूच्या पानांत दिसली. 1979 मध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचलं, तेव्हा पानांवर डाग पाडणाऱ्या विषाणूला ती पानं दाद देईनाशी झाली. पुढच्या दोन दशकांत उलगडा झाला. सॅलिसिलिक आम्ल ही झाडाची स्वतःची हाकाटी आहे. एका पानावर रोग उतरला की त्या पानात ते वाढतं आणि निरोगी पानंही सावध होतात. त्याचंच एक हवेत उडणारं रूप शेजारच्या झाडापर्यंत इशारा पोचवू शकतं. कंबरदुखीवर चोळायच्या मलमाचा तो तिखट, थंड वास आपल्या ओळखीचा आहे. त्या वासाचं द्रव्य हेच.

उत्तरेकडच्या दुसऱ्या औषधींतही असंच दिसतं. अँजेलिका ही नॉर्वे, आइसलँडपासून सायबेरियापर्यंत वाढणारी उंच, सुगंधी वनस्पती. सामी लोक तिचे कोवळे देठ आवडीनं खातात. तिच्या शास्त्रीय नावात साक्षात मुख्य देवदूत आहे, कारण प्लेगवरचं हे औषध देवदूतानं माणसाला दाखवलं, अशी जुनी कथा आहे. पण या देवदूताच्या झाडाचा रस अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडलं, तर कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरते. त्यात फ्युरानोकुमारिन गटाची द्रव्यं असतात. ऊन मिळताच ती पेशीच्या डीएनएला जखडून टाकतात. पान खाणारी अळी उन्हात मरावी, यासाठी ही व्यवस्था. काही अळ्यांनी त्यावर तोड काढली आहे: त्या पानाची गुंडाळी करतात आणि आतल्या अंधारात बसून खातात. याच गटातलं सोरालेन आपल्याकडच्या बावचीत असतं, त्या द्रव्याचं नावच बावचीच्या लॅटिन नावावरून पडलं. आयुर्वेदानं श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बावची वापरली. आजचे त्वचारोगतज्ज्ञ सोरालेनच्याच जातीचं औषध देऊन रुग्णाला मोजून अतिनील प्रकाशात उभं करतात. म्हणजे अळी मारायला घडलेलं हत्यार माणसाच्या कातडीवर, मात्रा सांभाळून, उपचार ठरलं. बर्चचीही तीच तऱ्हा. त्याची साल पांढरी दिसते ती बेट्युलिनमुळे. पाणी आणि बुरशी यांच्यापासून खोड राखणं हे त्याचं काम. बर्चच्या सालीच्या अर्काचं जखमेवर लावायचं मलम 2016 मध्ये युरोपात मान्य झालं. हिमालयातला भूर्ज याच कुळातला. त्याच्या पत्रांवर लिहिलेली पोथी टिकते त्याचं श्रेय झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी रचलेल्या सालीकडेच जातं.

या दाखल्यांवरून माझं म्हणणं असं: साल कडू होते ती झाडासाठी. तिचा आपल्याला होणारा उपयोग खरा आहे, मोलाचा आहे, पण ती रचना आपल्या बाजूला तोंड करून उभी नाही. यावर जडवादी म्हणेल की मग सगळा योगायोगच, त्याचं तत्त्वज्ञान कशाला करायचं? मला हे पटत नाही. झाडाचं द्रव्य आपल्या शरीरात काम करतं ते झाड आणि आपण एकाच जुन्या घराण्यातले आहोत म्हणून. स्निग्धाम्लापासून इशाऱ्याची द्रव्यं घडवायची ही युक्ती वनस्पतींतही आहे आणि प्राण्यांतही. वनस्पतीत त्यातून जॅस्मोनेट होतं, आपल्यात प्रोस्टाग्लँडिन. अ‍ॅस्पिरिन दोन्हीकडे त्या वाटेत आडवं येतं. एका घरातली किल्ली दुसऱ्या घराच्या कुलपाला लागली तर दोन्ही कुलपं एका लोहाराची असावीत, असा तर्क कुणीही करील. चरकसंहितेत म्हटलं आहे की जगात औषध नाही असं एकही द्रव्य नाही, फक्त युक्ती हवी आणि हेतू हवा. या विधानाचा अर्थ अनेकदा वनस्पतींच्या गौरवापुरता घेतला जातो. त्यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. औषधपण द्रव्यात तयार भरून ठेवलेलं नसतं. ते द्रव्य, शरीर आणि वैद्याची बुद्धी यांच्या संबंधात उपजतं.

श्रद्धावंताचा आक्षेप याहून खोल आहे. तो म्हणेल, झाडाला स्वतःचं प्रयोजन आहे म्हणून ईश्वराला दुसरं प्रयोजन नाही, असं कुठे ठरतं? आई मुलासाठी दूध देते, त्याच दुधाचं दही घर खातं. हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडण्याची मला गरजही वाटत नाही. पण तो मान्य केला तरी त्यातून स्टोन यांचं अनुमान परत येत नाही. ईश्वराचा हेतू असेल, पण तो अमुक झाड पाहून, त्याचा आकार किंवा ठिकाण पाहून वाचता येत नाही. रुग्णाला काय लागू पडतं ते तपासूनच कळतं. श्रद्धेनं तपासणीची जागा घेतली की माणसं दगावतात.

हे बजावून सांगायला लागतं, कारण जुनी समजूत आज विज्ञानाचा पोशाख घालून आली आहे. रोडिओला हे तिचं ठळक उदाहरण. ध्रुवीय किनारे, स्कँडिनेव्हियाचे डोंगर, अल्ताय अशा थंड, वाऱ्याच्या, तीव्र उन्हाच्या जागी ती खडकांना धरून वाढते. कापल्यावर मुळाला गुलाबाचा वास येतो, म्हणून 1753 मध्ये लिनीअसनं तिच्या नावात गुलाब घातला. मुळात रोझॅविन आणि सॅलिड्रोसाइड ही द्रव्यं असतात. ताण सोसण्याची शक्ती वाढवणाऱ्या द्रव्यांसाठी निकोलाय लाझारेव या सोव्हिएत संशोधकानं 1947 मध्ये अ‍ॅडॅप्टोजेन हा शब्द काढला आणि पुढे रोडिओला त्या यादीत मानाची ठरली. आता बाटलीवर लिहिलेलं असतं की इतक्या कठोर हवेत तगणारी वनस्पती तुम्हालाही तगवील. हे वाक्य ऐकायला पटतं आणि नेमकं तिथेच सावध व्हायला हवं. मेंदूसारखा दिसतो म्हणून अक्रोड मेंदूला चांगला, हे म्हणण्यात आणि या म्हणण्यात तर्काचा फरक नाही. थंडी सोसण्यासाठी झाडानं केलेलं द्रव्य कार्यालयातल्या थकव्यावर चालेल की नाही, हे झाडाच्या चरित्रावरून ठरत नाही. युरोपीय औषध संस्थेनं रोडिओलाला तणावाच्या तात्पुरत्या तक्रारींसाठी मान्यता दिली आहे ती दीर्घकाळच्या परंपरागत वापराच्या आधारावर. चाचण्यांनी सिद्ध झालेल्या परिणामाच्या आधारावर ती दिलेली नाही. ही मान्यता वाचताना हा भेद विसरू नये. सगळी वनस्पती तिच्यातल्या एका रेणूपेक्षा नेहमीच श्रेष्ठ, असंही मी म्हणणार नाही. हृदयविकारात अ‍ॅस्पिरिन रक्ताच्या गुठळ्या रोखतं ते त्याला रसायनज्ञांनी जोडलेल्या अ‍ॅसिटिल गटामुळे, आणि तो गट विलोच्या सालीत नसतो.

आता कृतज्ञतेचं काय? ज्यानं आपल्यासाठी काही केलंच नाही त्याचे आभार मानायचे कशाला, असं कुणी विचारील. आभार दात्याच्या हेतूकडे पाहतात हे खरं. पण आपल्या परंपरेत त्याहून जुना आणि अधिक टणक शब्द आहे: ऋण. ऋण फिटावं लागतं ते देणाऱ्याच्या मनात काय होतं त्यामुळे नव्हे. आपण घेतलं म्हणून. ज्या ऋषींनी आपलं नावही ऐकलं नाही त्यांचं ऋण अध्ययनानं फिटतं. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, तो मुक्या जिवांसाठी. घेऊन परत न देणारा चोर, असं गीतेचा तिसरा अध्याय म्हणतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या औषधीसूक्तात मूळ खणणारा आधी औषधींची विनवणी करतो की खणणाऱ्याला इजा होऊ नये. त्याला ठाऊक आहे की तो दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत हात घालतो आहे. झाडाला मन नाही, मग त्याला परत काय द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रच देतं. ते द्रव्य झाडानं केलं ते जगण्यासाठी, बी धरेपर्यंत टिकण्यासाठी. झाडाला इच्छा असते, असं मी म्हणत नाही, पण त्याच्या घडणीला दिशा असते. ऋण फेडायचं ते त्याच दिशेनं.

या मोजमापानं कारखान्यातली गोळी मला रानातल्या मुळीहून हलकी वाटत नाही. गेली दीडशे वर्षं सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात फिनॉलपासून बनतं आणि जगभरच्या डोकेदुख्यांसाठी एकही विलो सोलावा लागत नाही. रोडिओलाचं तसं नाही. तिचा बाजार मुळावर आहे, ते हळू वाढतं आणि सगळं खणलं की झाड संपतं. 2022 मध्ये वन्य जीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पनामातल्या परिषदेत रोडिओलाच्या सर्व जाती दुसऱ्या परिशिष्टात घातल्या गेल्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याचं बंधन आलं. लडाखमध्ये याच कुळातल्या वनस्पतीला सोलो म्हणतात. तिथल्या घरांत तिचे कोवळे कोंब खुडतात, उकडतात आणि दह्यात कालवून खातात. मूळ जमिनीतच राहतं.