होसान्ना म्हणताना हातात काय आहे?

आजचं वाचन: योहान 12:12-16



येशू यरुशलेमेत येतोय हे कळताच लोक झावळ्या घेऊन त्याला सामोरे गेले. हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे, पण त्या झावळ्या खजुरीच्या होत्या हे फक्त योहान सांगतो.

हे वाचलं की मला कोलंबियातला वॅक्स पाम आठवतो. जगातला सर्वांत उंच ताड, 60 मीटरपर्यंत जाणारा. अँडीजच्या धुक्यातल्या डोंगररानात वाढतो. 1985 पासून तो त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या झावळ्यांच्या रविवारी भाविकांच्या हातात याचीच कोवळी पानं असायची. कुणाच्या मनात पाप नव्हतं, भक्तीच होती ती.

पण ताडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यावरचा. रोपाचं न उमललेलं पान पुन्हा पुन्हा कापलं तर ते खंगतं, आणि कोंबच गेला तर झाड मरतं. त्यात हा ताड मोठा व्हायला अनेक दशकं लागतात. शिवाय रान तोडून कुरणं झाली. कोकोरा खोऱ्याचे फोटो बघा ना, किती सुंदर! पण त्या उंच ताडांच्या पायाशी रोपं जगत नाहीत. काही उन्हात करपतात, काही गुरं खातात. म्हातारे उभे आहेत, लेकरं नाहीत. याच ताडाच्या ढोलीत घरटं करणारा पिवळ्या कानांचा पोपटही संपत आला होता. 1999 मध्ये कोलंबियात त्याचे जेमतेम 81 पक्षी सापडले.

मग निसर्गरक्षकांसोबत चर्चही उभं राहिलं. लोक मक्याची पानं, दुसऱ्या झाडांच्या झावळ्या, जिवंत रोपं घेऊन येऊ लागले. होसान्ना तोच राहिला. पोपटांची संख्याही वाढली.

अनुवाद 20:19 मध्ये देव युद्धाच्या वेढ्यातसुद्धा फळझाडावर कुऱ्हाड चालवू देत नाही. मग त्याच्या स्तुतीसाठी उद्याचा कोंब खुडलेला त्याला कसा आवडेल? आजची आराधना पुढच्या पिढीच्या वाट्यातून घ्यायची नसते.

आज एवढंच करूया: आपल्या सणात, सजावटीत, फुलांत कुणाचा उद्या खुडला जातोय का, हे एकदा विचारूया.

प्रार्थना: हे प्रभू, तुझी स्तुती करणारे आमचे हात तुझ्या सृष्टीला जपणारेही होऊ दे. आमेन.