दारातला लाजर

शास्त्रपाठ : उत्पत्ति २:१५, लूक १६:१९-३१



श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दृष्टांत शब्बाथ शाळेत शिकवताना आपण बहुधा घाईने मरणापलीकडच्या भागाकडे जातो. मुलांनाही ज्वाळा, तहान आणि मधली मोठी दरी हेच लक्षात राहते. परंतु आपल्या प्रभूने ही कथा एका दाराशी सुरू केली आहे. दाराच्या आत जांभळा झगा, तलम कापड व रोजची मेजवानी. दाराबाहेर फोडांनी भरलेला एक मनुष्य. श्रीमंताने लाजराला मारले किंवा त्याची मजुरी बुडवली, असे प्रभू म्हणत नाही. त्याला दारातून हाकलून दिले, असेही म्हणत नाही. तो केवळ तेथे पडून राहिला, एवढेच.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. मरणानंतर हा श्रीमंत मनुष्य अब्राहामाशी बोलतो तेव्हा तो लाजराचे नाव घेतो. म्हणजे हयातीत त्याला ते नाव ठाऊक होते! येता-जाता तो त्या मनुष्याला ओलांडून जात होता आणि त्याला ओळखतही होता. अधोलोकात पडल्यावरसुद्धा त्याची सवय सुटली नाही. लाजराला पाणी घेऊन पाठवा, असे तो सांगतो. जणू लाजर अजूनही कोणाचे तरी काम करण्यासाठीच आहे.

आज हा दृष्टांत हाती घेऊन मी आपणांस अमेरिकेकडे नेणार आहे. टीका करण्याची मौज म्हणून नव्हे. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत शुभवर्तमान त्याच वाटेने आले. आमच्या लहानपणी शब्बाथ शाळेत हजेरीबद्दल अमेरिकेहून आलेली वापरलेली नाताळ कार्डे मिळत. एका बाजूला कोणाचे तरी नाव लिहिलेले असे, दुसऱ्या बाजूला बर्फातले चर्च. ती आम्ही पवित्र शास्त्रात जपून ठेवत असू. तेथल्या कोणा भगिनीने ती फेकली नाहीत, आमच्यासाठी बांधून पाठवली. त्या देशाविषयी बोलताना हे ऋण मी विसरत नाही.

परंतु त्याच देशात दुसऱ्या महायुद्धानंतर वस्तूंचा असा पूर आला की जपून ठेवण्याची सवय हळूहळू मागासलेपणाची खूण ठरली. तेथील सरकारी मोजणीप्रमाणे १९६० साली दर माणशी दर दिवशी सुमारे सव्वा किलो कचरा निघत होता. २०१८ साली तो दोन किलोंहून अधिक झाला. त्यापैकी निम्मा जमिनीत पुरला गेला. १९७३ साली बांधलेले नवे घर सरासरी १,६६० चौरस फुटांचे होते, २०१५ साली २,६८७ चौरस फुटांचे. आणि याच काळात कुटुंबातील माणसे मात्र कमी झाली. एवढ्या मोठ्या घरांतही सामान मावत नाही म्हणून गावोगावी भाड्याच्या खोल्या मिळतात, ज्यांत मनुष्य राहत नाही, केवळ त्याच्या वस्तू राहतात. लूक १२ मधला तो शेतकरी निदान आपली कोठारे स्वतः पाडून नवी बांधणार होता. आता तेवढाही त्रास उरला नाही!

वस्तू विकत घेताना तिची किंमत कागदावर छापलेली असते. फेकताना लागणारी किंमत कोठेच छापलेली नसते, आणि ती बहुधा दुसरा कोणी भरतो.

१९८७ सालची गोष्ट आहे. न्यूयॉर्कजवळच्या इस्लिप गावी कचऱ्याला जागा उरली नाही. तेव्हा मार्च महिन्यात ‘मोब्रो ४०००’ नावाच्या एका सपाट बोटीवर सुमारे ३,१०० टन कचरा लादून तो दक्षिणेस नॉर्थ कॅरोलायना राज्यात पुरण्यासाठी निघाला. त्या राज्याने तो नाकारला. पुढे लुइझियानाने नाकारला, मेक्सिकोने नाकारला, बेलीझनेही नाकारला. सुमारे सहा हजार मैल फिरून ती बोट न्यूयॉर्कलाच परत आली, आणि शेवटी तो कचरा ब्रुकलिनमध्ये जाळून त्याची राख इस्लिपमध्येच पुरावी लागली. तेव्हा अमेरिकेतील लोक रोज संध्याकाळी दूरदर्शनवर ही बोट पाहून हसत होते. मला मात्र त्यात दृष्टांतासारखे काही दिसते. ‘फेकून दिले’ असे आपण म्हणतो, पण पृथ्वीवर ‘बाहेर’ अशी जागाच नाही. प्रत्येक जागा कोणाच्या तरी दारात आहे. त्या बोटीला कोणी दार उघडले नाही म्हणून ती घरी आली. सगळेच कचरे असे घरी येत नाहीत. ज्यांना दार लावून घेण्याची सत्ता नाही, त्यांच्याकडे ते जातात.

त्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७८ च्या उन्हाळ्यात काही लोकांनी रात्रीच्या अंधारात टँकरमधून पीसीबी मिसळलेले तेल सुमारे २४० मैल रस्त्यांच्या कडेला सोडून दिले. पीसीबी हे रसायन विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरले जाई. ते विषारी आहे आणि लवकर नाश पावत नाही. त्याची रीतसर विल्हेवाट खर्चाची होती, म्हणून ही युक्ती. ती माती खरवडून कोठे पुरायची, हा प्रश्न सरकारपुढे आला आणि वॉरन काउंटीतील ॲफ्टन हे खेडे निवडण्यात आले. वॉरन काउंटी राज्यातील अत्यंत गरीब भागांपैकी एक, तेथील बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. जमिनीखाली थोड्याच खोलीवर पाणी लागे आणि लोक विहिरींचेच पाणी पीत. मग हीच जागा का? हा प्रश्न तेथील लोकांनी विचारला, न्यायालयात विचारला. उपयोग झाला नाही.

सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक येऊ लागले. लोक कोली स्प्रिंग्ज बाप्टिस्ट चर्चमध्ये जमत, प्रार्थना करीत, गीते गात रस्त्याने चालत जात आणि ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे पडत. त्यांत म्हातारी माणसे होती, आया होत्या, शाळेची मुले होती. काही आठवड्यांत पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. तरीही ट्रक थांबले नाहीत. सुमारे ६० हजार टन माती तेथे पुरली गेली, आणि ती निर्विष करण्याचे काम पुरे व्हायला २००३ साल उजाडले. एकवीस वर्षे! ज्या मुलांना पोलिसांनी उचलून गाडीत घातले, त्यांना तोवर स्वतःची मुले झाली असतील.

या लोकांबरोबर उभी राहिलेली एक संस्था म्हणजे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे वांशिक न्याय मंडळ. हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित वाटेल, पण नाते जुने आहे. ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी अमेरिकन मराठी मिशनला माणसे व पैसा पुरवला, त्या मंडळ्यांतील बहुतेक १९५७ च्या एकीकरणानंतर याच चर्चमध्ये आल्या. तर या मंडळाने वॉरन काउंटीपाशी न थांबता सगळ्या देशाचा नकाशा पुढे ओढला. विषारी कचऱ्याची केंद्रे कोठे आहेत आणि त्यांच्या आसपास कोण राहते, हे त्यांनी तपासले. बोट फिरत होती त्याच १९८७ साली त्यांचा अहवाल निघाला. व्यापारी तत्त्वावर चालणारी अशी केंद्रे कोठे असतात याचा माग काढताना उत्पन्न, जमिनीची किंमत वगैरे पुष्कळ गोष्टी तपासल्या गेल्या. त्यांत सर्वांत अधिक जुळणारी गोष्ट निघाली ती रहिवाशांचा वंश. मंडळाचे प्रमुख बेंजामिन चेव्हिस हे दीक्षित पाळक होते. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी या अन्यायाकडे सरकारी खात्यांनी लक्ष द्यावे असा हुकूम काढला. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द करण्यात आला. लाजराला दारात जागा मिळते आणि पुन्हा काढूनही घेतली जाते.

श्रीमंताचे दार आता पुष्कळ दूर सरकले आहे. ‘खियन सी’ नावाचे जहाज १९८६ साली फिलाडेल्फिया शहराच्या जाळलेल्या कचऱ्याची सुमारे १४ हजार टन राख घेऊन निघाले. १९८८ च्या आरंभी त्यातील सुमारे चार हजार टन राख हैती या अत्यंत गरीब देशाच्या किनाऱ्यावर टाकली गेली, आणि टाकताना ते खत असल्याचे सांगण्यात आले. उरलेली समुद्रात गेली. हैतीच्या किनाऱ्यावरची राख परत नेण्यास बारा वर्षे लागली. असा धोकादायक कचरा देशोदेशी पाठवण्यावर बंधन घालणारा बासेल करार १९८९ साली झाला. अमेरिकेने त्यावर १९९० साली सही केली, पण त्याला अंतिम मान्यता आजतागायत दिलेली नाही.

दृष्टांतातला श्रीमंत निदान लाजराला ओलांडून जात होता. आजच्या श्रीमंताला तो दिसतही नाही. त्याला नाव कोठून ठाऊक असणार?

येथे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळले पाहिजे. एदेन बाग मनुष्याच्या हाती देताना देवाने त्याला तिची मशागत करण्यास व तिला राखण्यास सांगितले. राखण्यासाठी मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे, तोच दोन अध्याय पुढे काइनाच्या तोंडी येतो. हाबेलाविषयी देवाने विचारले तेव्हा, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, अशा अर्थाचे उर्मट उत्तर त्याने दिले. बाग राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी शास्त्रात एकच शब्द आहे. पर्यावरणाचे कार्य म्हणजे झाडे लावण्याचा एखादा रविवार, असे आपल्या मंडळ्यांत समजले जाते. झाडे जरूर लावावीत. पण हाबेलाचे रक्त ज्या जमिनीतून ओरडले, तीच जमीन राखायची आहे.

अमेरिकेत हे कोणी बोललेच नाही, असे नाही. जिमी कार्टर हे राष्ट्राध्यक्ष शब्बाथ शाळेचे शिक्षक होते. १५ जुलै १९७९ रोजी तेलटंचाईच्या दिवसांत त्यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले. लोक पेट्रोलविषयी ऐकण्यास बसले होते. ते बोलले भोगाच्या पूजेविषयी. मनुष्य काय करतो यावरून नव्हे, तर त्याच्यापाशी काय आहे यावरून आता त्याची ओळख ठरते आणि वस्तूंच्या राशींनी जीवनातील पोकळी भरत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आरंभी लोकांना ते आवडले. लवकरच कंटाळा आला. पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, अर्थात त्यास इतरही पुष्कळ कारणे होती. त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या छपरावर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारी ३२ तावदाने बसवली होती. १९८६ साली, पुढील राष्ट्राध्यक्षांच्या काळात, छपराच्या दुरुस्तीवेळी ती उतरवली आणि पुन्हा चढवली नाहीत. कार्टर मात्र आपल्या प्लेन्स गावी, १९६१ साली बांधलेल्या दोन शयनगृहांच्या घरात परत गेले आणि म्हातारपणीही रविवारी वर्ग घेत राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्याच गावी त्यांचे निधन झाले. भाषण विसरले गेले तरी त्या घरावर कोणी आक्षेप घेऊ शकत नाही. शिक्षकांनी आपल्या वर्गात हे जरूर सांगावे.

आता दार आपले. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहत. मेलेली जनावरे ओढून नेणे आणि गावाला नको ते सारे आपल्या वस्तीच्या बाजूला येऊ देणे, हे त्यांच्या वाट्याला होते. वॉरन काउंटीचे लोक रस्त्यावर का आडवे झाले, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. लाजर आपला नातेवाईक आहे. पण शिक्षण झाले, नोकऱ्या लागल्या, कोणाची मुले अमेरिकेस गेली, आणि आपणही दाराच्या आत आलो. सुटीत मुले परत येतात तेव्हा पेट्या भरून वस्तू येतात. मीही त्या आनंदाने घेतो, खोटे कशाला बोलू?

मागील नाताळात आमच्या मंडळीचे प्रीतिभोजन झाले. पूर्वी पत्रावळी असत, उरलेले गाईगुरे खात. आता आतून चकचकीत थर असलेल्या कागदी ताटल्या येतात, ज्या कुजत नाहीत. जेवणानंतर त्या पोत्यांत भरून फाटकाबाहेर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेणारी बाई आली तेव्हा मी योगायोगाने फाटकाशी होतो. हे कोठे जाते, असे मी तिला विचारले. ‘‘आमच्या वस्तीमागं, पाळकसाहेब,’’ ती म्हणाली. ‘‘तिथंच टाकतात समदं. पेटलं की पोरं खोकतात.’’ मग मी तिला नाव विचारले. अठरा वर्षे मी या मंडळीचा पाळक आहे आणि ती त्याहून अधिक वर्षे या फाटकाशी येते.

स्टीलची ताटे घ्यावी असा विषय मी कमिटीपुढे ठेवला आहे. पैशाची अडचण नाही, एका कुटुंबाने देणगी देऊ केली आहे. दोन सभा झाल्या. ती घासायची कोणी, यावर अद्याप एकमत झालेले नाही.