तीस टर्नची शांतता

‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरचा खेळ बुद्धिबळासारखा आळीपाळीने चालतो. एक राज्य आपण चालवायचे, बाकीची संगणक चालवतो. २०१० साली आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत, २०१३च्या विस्तारानंतर, शेजारी म्हणून कधी कधी झुलूंचा राजा शाका येतो. इतिहासातल्या शाकाशी त्याचे नाते नावापुरतेच. खेळात प्रत्येक राजाचा स्वभाव आकड्यांत लिहिलेला असतो, आणि याचे युद्धखोरीचे आकडे चढे आहेत.

अशा शेजाऱ्याचे करायचे काय? तीन वाटा असतात. तो बळावण्याआधी आपणच चढाई करायची. किंवा तट बांधायचे, टेकडीवर तिरंदाज बसवायचे आणि फौजेचा खर्च सोसायचा, कारण दुबळा शेजारी संगणक बरोबर हेरतो. तिसरी वाट सर्वांत स्वस्त. वाटाघाटीत शाकाला काहीतरी देऊ करायचे आणि त्याला दुसऱ्याच कुणाविरुद्ध युद्ध पुकारायला लावायचे.

मी तिसरी वाट धरली. रेशीम आणि दर टर्नला थोडे सोने, तीस टर्नपर्यंत. शाका सयामवर चालून गेला. सयामच्या रामखामहेंगने माझे काहीच वाकडे केले नव्हते. उलट आमचा व्यापार चालू होता. पुढे कधीतरी त्याची राजधानी सुखोथाई पडल्याची सूचना पडद्यावर आली. मी ती मिटवली आणि ग्रंथालय बांधायला घेतले. डाव जिंकलो. मित्राला सांगितले, “एकही लढाई न करता जिंकलो.”

ते वाक्य तेव्हापासून टोचते आहे. खेळात कुणी मेले नाही, हे मला कळते. प्राण्यांबद्दल आपले थेट कर्तव्य नाही, पण त्यांच्याशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांशीही निर्दय होतो, असे कांट म्हणत असे. हाच युक्तिवाद खेळांना लावता येईल. पण तो मला पटत नाही. याआधीच्या डावांत मी अनेक शहरे स्वतः जिंकून घेतली आहेत. त्याने मी निर्ढावलो, असे वाटत नाही. कारण तिथे मी आक्रमणाला आक्रमणच म्हणत होतो. या वेळी मात्र मी माझ्या कृत्याचे नाव बदलले, आणि ते वाक्य खेळातल्या बाहुल्याला नव्हे, खऱ्या माणसाला सांगितले.

सप्टेंबर १९३८मध्ये म्युनिकला ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत हिटलरला देऊन टाकला. ज्याचा प्रांत गेला, त्याला त्या बैठकीत जागा नव्हती. चेंबरलेन शांतता आणल्याचे सांगत मायदेशी परतले. मार्च १९३९मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये होत्या. या घटनेचा धडा आपण नेहमी असा सांगतो की, आक्रमकाला चारले की त्याची भूक वाढते. धडा खरा आहे, पण तो हिशेबाचा आहे, नीतीचा नव्हे. समजा, हिटलर तिथेच थांबला असता, तर तो करार योग्य ठरला असता का? माझा डाव तर यशस्वी झाला होता. शाका माझ्याकडे कधीच वळला नाही. तरीही किंमत सुखोथाईनेच मोजली होती.

एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह करणे, याला कौटिल्य द्वैधीभाव म्हणतो आणि राजनीतीचा एक उपाय म्हणून उघडपणे मांडतो. त्याला तो अहिंसा म्हणत नाही. मी जवळपास तेच म्हणत होतो. आपल्या अंगणात रक्त सांडले नाही, म्हणजे आपण शांतताप्रिय, हा समज राज्यांनाच होतो असे नाही. कार्यालयात खवळलेल्या वरिष्ठाचे लक्ष हळूच शेजारच्या टेबलाकडे वळवून मीही घरी वेळेवर आलो आहे.

पुढच्या डावात शाका पुन्हा शेजारी आला. या वेळी मी तट बांधले, तिरंदाज ठेवले. ग्रंथालये मागे पडली, सीमेवरचे एक शहरही गेले. मित्राने विचारले, “मग, जिंकलास की नाही?”

“नाही,” मी म्हणालो. “पण हरलो ते माझ्याच खर्चाने.”